डावा कोपरा

सोयाबीन घरात आलेले असते आणि तूर अजून शेतात उभी असते, अशा मधल्या दिवसांत वाशीम जिल्ह्यातील गावांच्या फाट्यांवर कबड्डीच्या सामन्यांची पत्रके लागू लागतात. ‘भव्य खुले सामने’ किंवा ‘वजनगट ५५ किलो’, पहिले बक्षीस अमुक दात्याकडून, दुसरे तमुक दात्याकडून, प्रवेश फी, आणि तळाशी ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ ही न चुकणारी ओळ. रिसोड तालुक्यातील आमच्या गावचे मंडळ अशा सामन्यांना जात असे आणि काही वर्षे मी त्याच्या कारभारात होतो. कारभार हा शब्द तसा मोठाच झाला. बारा नावांची यादी करणे, जीप ठरवणे आणि प्रवेश फीची वर्गणी गोळा करणे एवढेच ते काम. परंतु त्या बारा नावांच्या यादीने एके वर्षी जो प्रश्न समोर ठेवला, तो मनातून अद्याप गेलेला नाही.

त्या वर्षी आमचा डावा कोपरा रिकामा झाला होता. सहा-सात वर्षे ती जागा सांभाळणारा गडी कामासाठी पुण्याकडे निघून गेला. कबड्डी पाहणाऱ्यांना सांगायला नको की कोपरा ही बचावातील सर्वांत जोखमीची जागा. चढाई करणारा रेषेकडे वळला की त्याचा घोटा पकडायचा तो कोपऱ्याने, आणि त्याची पकड सुटली की साखळीतले बाकीचेही उघडे पडतात. आमच्यासमोर दोन नावे होती. एक शेजारच्या तालुक्यातला अनुभवी कोपरारक्षक. तो मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च घेऊन कोणत्याही मंडळाकडून खेळत असे. दुसरा आमच्याच गावातला सतरा वर्षांचा मुलगा. मैदानावरच्या सगळ्यांत अंगात खेळ असलेला तोच होता, याविषयी कोणाचेही दुमत नव्हते. पण तो मुळात चढाईचा गडी आणि कोपऱ्यात कधी उभा राहिलेला नव्हता. बैठकीत एका वडीलधाऱ्यांनी निकाल दिला : “पोरगं चांगलं हाये, त्यात वाद नाही. पण आपल्याले यंदा कोपरा पायजे. चढाईले तीन जण हायेतच.” सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

पाहुणा गडी चांगला खेळला. आम्हाला दुसरे बक्षीस मिळाले. मुलाचे नाव बारा जणांत होते, पण तो राखीव म्हणून बाहेर बसला आणि एकाही सामन्यात आत गेला नाही. बारावी झाल्यावर तोही पुण्याकडच्या एका कारखान्यात लागला. त्यानंतर त्याला मैदानात उतरलेला मी पाहिला नाही. पाहुणा पुढच्या वर्षी दुसऱ्या मंडळाकडून खेळला आणि आमचा डावा कोपरा पुन्हा रिकामा झाला.

आमचा निर्णय चुकला होता काय? बक्षिसाचा विचार केला तर मुळीच नाही. आणि मला या प्रकरणात अस्वस्थ करणारी गोष्ट नेमकी हीच आहे. चुकीचा निर्णय ओळखू येतो, त्याची किंमतही पटकन कळते. जो निर्णय त्या क्षणी बरोबर ठरतो, त्याची किंमत मात्र फार उशिरा आणि भलत्याच कोणाकडून वसूल होते.

संघबांधणीच्या जगात हा पेच जुना आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये दर वर्षी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड क्रमाक्रमाने होते. आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाला पहिली निवड मिळते. इथे प्रत्येक संघचालकापुढे दोन मार्ग असतात : उपलब्ध खेळाडूंतील सर्वांत गुणवान तो घ्यायचा, की आपल्या संघात जी जागा रिकामी आहे त्या जागेचा घ्यायचा? तेथील क्रीडापत्रकारितेत या वादाला अंत नाही. आपल्याकडे अशी क्रमवार निवड मोठ्या प्रमाणावर रुजली नाही. मुंबईत जुलै २०१७ मध्ये इंडियन सुपर लीगच्या फुटबॉल संघांसाठी ती झाली आणि नव्यानेच उभ्या राहिलेल्या जमशेदपूरने अनस एडथोडिका या बचावपटूला १ कोटी १० लाख रुपयांना पहिल्याच निवडीत घेतले. मात्र आपल्या लीगांना बहुधा लिलावच मानवला. पद्धत कोणतीही असो, प्रश्न तोच राहतो.

गरजेने केलेल्या निवडीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बास्केटबॉलमधले आहे. १९८४ साली पोर्टलंडच्या संघाला दुसरी निवड मिळाली होती. क्लाईड ड्रेक्सलर हा उत्तम गार्ड त्यांच्याकडे आदल्याच वर्षी आलेला होता; उणीव होती ती उंच सेंटरची. त्यांनी सॅम बोवी या उंच खेळाडूला घेतले. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने जो गार्ड उचलला, त्याचे नाव मायकेल जॉर्डन. उलट बाजूचेही उदाहरण आहे. २००५ साली ग्रीन बे या फुटबॉल संघाकडे ब्रेट फार्व्हसारखा क्वार्टरबॅक खेळत असताना त्यांनी चोविसाव्या क्रमांकावर आरन रॉजर्स हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला. जागा रिकामी नसताना त्या जागेचा खेळाडू कशासाठी, असे तेव्हा अनेकांना वाटले. रॉजर्स तीन हंगाम बहुतेक बाहेर बसून राहिला. त्यानंतर तो संघाचा आधार झाला आणि २०१० च्या हंगामात त्याने ग्रीन बेला सुपर बोल जिंकून दिला.

ही उदाहरणे सांगताना थोडी सावधगिरी बाळगली पाहिजे. पश्चातबुद्धीने सगळेच द्रष्टे होतात. बोवीचे पाय पुढे वारंवार मोडले, म्हणून ती निवड हास्यास्पद ठरली. ते धड राहिले असते तर पोर्टलंडच्या शहाणपणाचे दाखले आपण दिले असते. कॅड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी अमेरिकन फुटबॉलमधील या निवडींचा मोठा अभ्यास केला आहे (यांपैकी थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले). त्यांचा एक निष्कर्ष मोठा विनय शिकवणारा आहे. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोन खेळाडूंत आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता त्यांना सुमारे ५२ टक्के आढळली. म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा किंचितच बरे. त्यांचा दुसरा निष्कर्ष असा की सुरुवातीच्या निवडींना संघ वाजवीपेक्षा फार अधिक किंमत देतात. मागच्या निवडींतून मिळणारे खेळाडू पैशाच्या मानाने अधिक उपयोगी पडतात. आपल्याला भविष्य दिसते हा निवडकर्त्याचा विश्वासच त्याला सर्वांत महाग पडतो.

वाशीमच्या शेतकऱ्याला मात्र हा विनय मुळातच ठाऊक आहे. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरायचे तर तो आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजतो. सत्तर किंवा अधिक उगवले तर नेहमीचे प्रमाण; त्याहून कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे. कोणता दाणा उगवेल, हे सांगण्याच्या फंदात तो पडत नाही. तो शंभरांचा हिशोब ठेवतो आणि त्यानुसार पेरणी करतो. खेळाडूंच्या बाबतीत आपण नेमके उलट वागतो. एका दाण्यावर सगळे पैसे लावतो, किंवा दाणा उगवेल याची खात्री नाही म्हणून पेरतच नाही.

आता आपल्या कबड्डीकडे येऊ. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेला राकेश कुमार पाटणा संघाकडे १२ लाख ८० हजारांना गेला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या दहाव्या हंगामाच्या लिलावात पवन सेहरावत याला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले. त्या वेळी एका संघाला खर्चाची एकूण मर्यादा ५ कोटी होती. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा एका चढाईपटूवर. टायटन्सची गरज खरी होती. आदले हंगाम त्यांना फार वाईट गेले होते आणि प्रेक्षकांना नाव हवे होते. पवननेही आपले काम केले, त्या हंगामात त्याने दोनशेहून अधिक चढाईचे गुण मिळवले. तरीही संघ २२ सामन्यांत केवळ दोन जिंकून तळाला राहिला. चढाईपटू एका वेळी एकटाच पलीकडे जातो हे खरे, पण परत आल्यावर त्याला सहा जण लागतात.

त्याच लिलावात पुणेरी पलटणनेही २ कोटी ३५ लाख रुपये एकाच खेळाडूवर खर्च केले. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. जागा डावा कोपरा. वरवर पाहता हाही गरजेचाच सौदा. आदल्या हंगामात तिथे खेळणारा कर्णधार फझल अत्राचली याला पलटणने कायम ठेवले नव्हते आणि तो १ कोटी ६० लाखांना गुजरातकडे गेला होता. दोन संघांनी जवळपास सारखाच पैसा एकेका नावावर लावला. मग एक तळाला आणि दुसरा १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेता, असे का घडले?

याचे उत्तर त्या लिलावात सापडत नाही. त्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते. २०२१ च्या लिलावात पलटणनेही नावेच घेतली होती, राहुल चौधरी आणि नितीन तोमर यांच्यासारखी. हंगाम पुढे सरकत गेला तसे चढाईचे ओझे मात्र नवख्या खेळाडूंच्या योजनेतून आलेल्या दोन पोरांच्या खांद्यांवर येत गेले : हरियाणाचा मोहित गोयत आणि आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. इथे पलटणने केलेली गोष्ट साधी होती, पण संघमालकांच्या जगात दुर्मीळ होती. त्यांनी ती पोरे धरून ठेवली. त्यांच्याभोवती आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री अशी तरुण फळी उभी केली. ‘युवा पलटण’ नावाने नवख्यांची वेगळी तालीमही चालवली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईतल्या अंतिम सामन्यात अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीने बाहेर होते आणि पलटण जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. अशा पराभवानंतर संघ मोडून नवा बांधण्याचा मोह कोणालाही होतो. पलटणने तो आवरला. पुढच्या हंगामात साखळीच्या २२ सामन्यांत पलटण फक्त दोन हरली, अस्लम कर्णधार होता आणि हंगामातला सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच ठरला.

शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख देणे पलटणला परवडले, याचे कारण बाकीचे सहा घरात वाढलेले होते. आणि मैदानावर ते पैसे फळले, कारण घरात वाढलेल्यांना वर्षानुवर्षे एकत्र खेळून नेमके कळले होते की आपल्याला काय कमी आहे. टायटन्सनेही रिकामी जागाच भरली. परंतु जिथे सगळाच संघ रिकामा आहे, तिथे एक जागा भरून भागत नाही.

पुढच्याच वर्षी शादलुई पलटणकडे राहिला नाही. २ कोटी ७ लाखांना तो हरियाणाकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा पहिल्यांदा विजेता झाला. पलटणला बाद फेरीही गाठता आली नाही. कोणी म्हणेल, बघा, अखेर विकत घेतलेला कोपराच जिंकतो, घरची पोरे नव्हेत. हा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही. शादलुईसारखा माणूस जातो तेव्हा खड्डा पडतोच. पण हरियाणाचा तो संघही नीट पाहावा : आदल्या वर्षीचा उपविजेता, जयदीप दहिया आणि राहुल सेठपाल यांच्यासारखे तिथेच मुरलेले बचावपटू, आणि त्यात भरलेली एक जागा. संघमालक वेगळा, पण रीत तीच. दोन वर्षांत दोन संघ जिंकले आणि दोघांनी गरज भागवली ती गुण जोपासून झाल्यावर. पलटणही २०२५ च्या हंगामात पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली. दिल्लीकडून ती तीन गुणांनी हरली, पण मुळे शाबूत होती हे त्यातून दिसले.

तेव्हा ‘गुण की गरज’ हा प्रश्न आपण ज्या रीतीने विचारतो, तीच सदोष आहे असे मला वाटू लागले आहे. ही दोन पारडी एकाच तराजूची नाहीत. गरज ही बहुधा कालच्या पराभवाची आठवण असते. जिथे मार बसला ती जागा आपल्याला मोठी दिसते. गुण हा उद्याचा अंदाज असतो आणि तो निम्म्या वेळा चुकतो. कालची आठवण पक्की वाटते आणि उद्याचा अंदाज पोकळ वाटतो, म्हणून बैठकीत नेहमी गरजच जिंकते. तिला वकील लागत नाही. गुणाच्या बाजूने मात्र कोणीतरी उभे राहून बोलावे लागते, आणि आपले म्हणणे चुकू शकते हे मान्य करून बोलावे लागते.

इथे पलटणचा धडा रिसोडच्या मैदानावर जसाच्या तसा लावता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. व्यावसायिक संघाला वाट पाहणे परवडते, कारण त्या वाट पाहण्याचे पैसे कोणीतरी भरते. मुलाच्या जेवणाची, मॅटची, डॉक्टरची, प्रवासाची सोय होते. आमच्या मंडळाकडे काय होते? वर्गणी होती, आणि ती देणाऱ्याला याच वर्षी बक्षीस हवे होते. वाशीम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला आणि २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. कोरडवाहू सोयाबीन-तुरीच्या या मुलखात सतरा वर्षांच्या मुलालाही वाट पाहणे परवडत नाही; बारावीनंतर घर त्याच्याकडे बघू लागते. कबड्डीच्या राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ उर्वरित महाराष्ट्राहून वेगळा उतरतो. म्हणजे तत्त्वतः आमच्या मुलांना स्पर्धा कमी आणि संधी अधिक असायला हवी. परंतु त्या दारापर्यंत जाण्यासाठी आधी गावच्या संघात कोणीतरी आत घ्यावे लागते, आणि गावचा संघ तर बाहेरून कोपरा आणतो.

म्हणून आमच्या बैठकीतला तो निर्णय मूर्खपणाचा होता असे मी म्हणणार नाही. तो गरिबीचा निर्णय होता. गरिबीत उद्याचे बी आज खाल्ले जाते. पण गरिबीचा निर्णय शहाणपणाचा म्हणून मिरवला जातो, तेव्हा त्याला हरकत घेतली पाहिजे. आम्ही त्या रात्री हळहळत नव्हतो. आम्ही व्यवहारी आहोत याचा आम्हाला अभिमान वाटत होता.

आणि खरे तर आमच्याजवळ तिसरा मार्ग होता. कबड्डीच्या संघात बारा नावे असतात, सात मैदानात आणि पाच राखीव. बाहेरचा कोपरा आणूनही त्या मुलाला पहिल्या फेरीच्या एखाद्या सामन्यात, लोण चढवून आम्ही पुढे असताना, उत्तरार्धातली दहा मिनिटे देता आली असती. त्याला पाहुण्या गड्याशेजारी उभे करून घोट्याची पकड शिकवता आली असती. मानधन देतच होतो, त्यात शिकवणीही मागता आली असती. यातले काहीही पैशाअभावी अडलेले नव्हते. ते अडले, कारण कोणाला सुचले नाही. आणि सुचले नाही, कारण राखीव खेळाडू म्हणजे दुखापत झाली तर लागणारा माणूस, एवढीच आमची समजूत होती.

माझे म्हणणे एवढेच आहे की प्रत्येक मंडळाने बारांपैकी दोन जागा गावातल्या अठरा वर्षांखालील मुलांसाठी राखाव्यात, आणि नुसत्या यादीत न ठेवता त्यांना ठरावीक वेळ मैदानात उतरवावे. सामने भरवणाऱ्यांनी पत्रकाच्या तळाशी पंचांच्या निर्णयाच्या ओळीखाली ही एक ओळ वाढवावी. त्यामुळे एखादा सामना हातचा जाईल. दोनांतला एक मुलगा, कदाचित दोघेही, पुढे काहीच होणार नाहीत. उगवणीचा हिशोब तसाच असतो. परंतु पेरणीसाठी दाणे बाजूला काढल्याशिवाय गोणपाटात ठेवायला काही उरत नाही.

तो मुलगा मोठा खेळाडू झाला असता, असा माझा दावा नाही. आकडे पाहता तो झाला नसता हेच अधिक संभवते. मला खंत आहे ती वेगळी. पाहुण्याला आम्ही डावा कोपरा म्हणून मोजले आणि मुलाला डावा कोपरा नाही म्हणून मोजले. तो काय आहे, हे त्या रात्री कोणी मोजलेच नाही. पुढे एका दिवाळीत तो गावी आला असताना पारावर भेटला. मी विचारले, खेळतोस का रे? तो म्हणाला, “नाही काका, तिकडे शिफ्ट असते.” मग थोडे थांबून त्याने विचारले, “यंदा आपला डावा कोपरा कोण?”

मला नाव सांगता आले नाही. त्या वर्षीही आम्ही बाहेरचाच शोधत होतो.